ऋणेतर संख्या : शून्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं?

संख्यारेषा

गणिताच्या उत्तरांमध्ये एक वाक्य मला पुन्हा पुन्हा दिसतं: 'कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग धन असतो.' हे वाक्य खरं नाही. शून्य वास्तव संख्या आहे, शून्याचा वर्ग शून्यच येतो आणि शून्य धन नाही. खरं वाक्य असं आहे: 'कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋणेतर असतो.' दोन्ही वाक्यांत फरक पडतो तो एकाच संख्येचा. पण ती संख्या शून्य असल्यामुळे पुढची अख्खी मांडणी कोसळू शकते, म्हणून हा धागा.

आधी अर्थ पाहू. कुठलीही वास्तव संख्या घ्या. ती शून्याहून मोठी असेल, शून्य असेल किंवा शून्याहून लहान असेल. या तिन्हींपैकी एक आणि एकच गोष्ट खरी असते. पहिल्या गटाला धन आणि तिसऱ्याला ऋण म्हणतात. मधल्या गटात शून्य एकटं आहे. ऋण गट वगळला की जे उरतं ते सगळं ऋणेतर, म्हणजे क्ष ≥ ०. तसंच क्ष ≤ ० असेल तर धनेतर आणि क्ष ≠ ० असेल तर शून्येतर. पूर्णांकांपुरतं बोलायचं तर धन पूर्णांक १, २, ३ असे सुरू होतात आणि ऋणेतर पूर्णांक ०, १, २, ३ असे.

हा फरक कुठे बोचतो ते एका उदाहरणात दिसतं. √क्ष = क्ष सोडवा. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष = क्ष², म्हणून क्ष = ० किंवा क्ष = १. दोन्ही उत्तरं मूळ समीकरणात बसतात. आता सुरुवातीलाच कुणी 'वर्गमुळाखाली संख्या आहे, म्हणून क्ष धन' असं लिहिलं, तर तो पुढच्या पायरीला बिनधास्त क्षने भागेल आणि त्याला क्ष = १ हे एकच उत्तर मिळेल. निम्मं उत्तर गेलं, आणि आकडेमोडीत कुठेही चूक सापडणार नाही. चूक पहिल्याच ओळीतल्या त्या एका शब्दात आहे.

वर्गसमीकरणातही हेच होतं. विवेचक (अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणात ब² − ४अक ही राशी) धन असेल तर दोन वेगवेगळी वास्तव मुळं मिळतात, शून्य असेल तर दोन समान. म्हणून 'मुळं वास्तव असण्याची अट काय?' या प्रश्नाचं उत्तर 'विवेचक ऋणेतर' असं आहे, आणि 'मुळं वास्तव आणि भिन्न असण्याची अट काय?' याचं उत्तर 'विवेचक धन'. या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या जागी लिहिणारे खूप आहेत.

अंतर, केवल मूल्य (संख्येचं शून्यापासूनचं अंतर), प्रमाण विचलन (निरीक्षणं सरासरीभोवती किती विखुरली आहेत याचं माप), वस्तूंची मोजदाद या सगळ्या राशी स्वभावतःच ऋणेतर आहेत. सगळी निरीक्षणं एकसारखी असतील तर प्रमाण विचलन शून्य येतं, आणि ते शून्य येणं ही महत्त्वाची माहिती असते. 'प्रमाण विचलन धन असतं' असं म्हटलं की नेमकी तीच शक्यता पुसली जाते.

तुम्हाला हा शब्द कुठे उपयोगी पडला आणि कुठे अडला, ते लिहा.

कोरी_पाटी

प्रश्न अगदी प्राथमिक आहे. 'क्ष ≥ ०' हे चिन्हात लिहिलं की सगळं स्पष्ट होतं ना? मग वेगळा शब्द लक्षात ठेवायची गरज काय?

संख्यारेषा

@कोरी_पाटी, एका अक्षराबद्दल बोलत असाल तर चिन्ह पुरतं. पण विधानं नेहमी एका अक्षराची नसतात. 'दोन ऋणेतर संख्यांची बेरीज ऋणेतर असते' किंवा 'या कोष्टकातल्या सगळ्या नोंदी ऋणेतर आहेत' अशी वाक्यं चिन्हांत लिहायला गेलं की विनाकारण अक्षरं जन्माला घालावी लागतात.

शिवाय नकार करताना या शब्दाचा खरा उपयोग होतो. 'ही संख्या ऋण आहे' याचा नकार घाईत 'ही संख्या धन आहे' असा केला जातो. अप्रत्यक्ष सिद्धतेत तर हे फारच घातक. 'समजा क्ष ऋण नाही' असं गृहीत धरायचं असतं, लिहिलं जातं 'समजा क्ष धन आहे', आणि मग विसंगती दाखवली तरी क्ष = ० ही शक्यता तशीच शिल्लक राहते. सिद्धता अपुरी पडते. ऋणेतर हा शब्द हाताशी असला की नकार आपोआप योग्य जागी पोचतो.

लंबवर्तुळ

+१

असमानतांमध्ये हे रोज भेटतं. अ < ब असेल आणि दोन्ही बाजूंना धन संख्येने गुणलं तर चिन्ह तसंच राहतं. क या ऋणेतर संख्येने गुणलं तर मात्र फक्त अक ≤ बक एवढंच म्हणता येतं, कारण क शून्य असेल तर दोन्ही बाजू शून्य होतात. आणि भागायचं असेल तर क धनच हवा. माझ्या मते 'इथे मी या राशीने भागणार आहे का?' हा एकच प्रश्न विचारला की धन म्हणायचं की ऋणेतर ते कळतं.

जुनी_पोथी

या विषयाचा इतिहास आपल्याकडे फार समृद्ध आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजेचे, वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम एकापाठोपाठ दिले आहेत. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण, समान धन आणि ऋण यांची बेरीज शून्य, ऋण गुणिले ऋण धन. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती तीन खात्यांची मांडणी. शून्य हे धनाचंही नाही आणि ऋणाचंही नाही, त्याला स्वतःचे नियम आहेत, हे तिथे स्वच्छ दिसतं. (शून्याला शून्याने भागलं तर शून्य, हा त्यातला नियम आज आपण मानत नाही. तो भाग वेगळा.)

पुढे भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त, म्हणजे बाराव्या शतकात, वर्गमुळाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या आहेत. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन मुळं असतात, आणि ऋण संख्येला मूळ नसतं, कारण ती कुणाचा वर्ग नाही. ऋण संख्या दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब देण्याची पद्धतही तिथे सांगितली आहे.

त्याच ग्रंथातलं एक उदाहरण या धाग्यासाठीच असल्यासारखं आहे. एका वानरांच्या कळपाचा पाचवा भाग, त्यातून तीन वजा, त्याचा वर्ग, एवढे वानर गुहेत गेले आणि एक वानर झाडावर दिसतो. तर एकूण वानर किती? कळप क्ष मानला तर

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

हे समीकरण मिळतं. सोडवलं की क्ष² − ५५क्ष + २५० = ०, आणि उत्तरं ५० व ५. दोन्ही उत्तरं धन आहेत आणि दोन्ही समीकरणात बसतात. तरी भास्कराचार्य ५ नाकारतात. पाचचा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की −२ उरतात, आणि 'उणे दोन वानर' ही गोष्ट लोकांना पटत नाही, असं कारण ते देतात.

विचार करा, इथे अट उत्तरावर नाही, मधल्या राशीवर आहे. क्ष/५ − ३ ऋणेतर हवी, म्हणजे क्ष ≥ १५ हवा. ही अट समीकरणात कुठेच लिहिलेली नाही, कारण वर्ग केला की चिन्ह हरवतं. ती शब्दांत दडलेली आहे आणि सोडवणाऱ्याने स्वतः बाहेर काढायची आहे.

कोरी_पाटी

@जुनी_पोथी, उदाहरण फारच आवडलं. एक शंका. भास्कराचार्य म्हणतात धन संख्येला दोन मुळं, मग आपण √९ = ३ एवढंच का लिहितो? ±३ का नाही?

जुनी_पोथी

९ ची वर्गमुळं दोनच आहेत, ३ आणि −३. पण √ हे चिन्ह त्या दोघांपैकी ऋणेतर असलेल्या मुळासाठी राखून ठेवलं आहे. एका चिन्हाचा एकच अर्थ हवा, नाहीतर √९ + √४ ची चार उत्तरं होतील आणि कुठलंच समीकरण नीट लिहिता येणार नाही. म्हणून क्ष² = ९ चं उत्तर ±३ आणि √९ चं उत्तर फक्त ३.

याच कारणाने √(क्ष + ६) = क्ष सोडवताना ३ आणि −२ अशी दोन उत्तरं आली तरी −२ टाकावं लागतं. डाव्या बाजूला √४ म्हणजे २ येतात, उजव्या बाजूला −२. आधीच 'डावी बाजू ऋणेतर, म्हणून क्ष ऋणेतर' अशी ओळ लिहिली असती तर पडताळ्याआधीच हे कळलं असतं.

शिकवणीवाली

मी शिकवते, त्यामुळे मुलं नेमकी कुठे अडखळतात ते रोज दिसतं. सर्वांत मोठा अडथळा −क्ष या लेखनाचा आहे. अक्षराआधी वजाची आडवी रेघ आहे, म्हणजे संख्या ऋण, असं मुलं ठरवूनच टाकतात. क्ष = −७ असेल तर −क्ष = ७ हे समोर मांडून दाखवलं तरी पुढच्या गणितात पुन्हा तेच. आणि मग केवल मूल्याची व्याख्या येते:

क्ष ≥ ० असेल तर |क्ष| = क्ष,
क्ष < ० असेल तर |क्ष| = −क्ष.

दुसरी ओळ पाहून मूल विचारतं, 'केवल मूल्य ऋणेतर असतं असं तुम्हीच सांगितलं, मग इथे ऋण उत्तर कसं?' प्रश्न अगदी रास्त आहे. व्याख्या पाठ करून घेऊन तो सुटत नाही.

मला उपयोगी पडलेला उपाय असा: −क्ष मोठ्याने वाचताना 'ऋण क्ष' म्हणायचं नाही, 'क्षची विरुद्ध संख्या' असंच म्हणायचं. वजाच्या चिन्हाची तीन कामं आहेत. ८ − ५ मध्ये ते क्रिया सांगतं. −५ मध्ये ते संख्येच्या नावाचाच भाग आहे. −क्ष मध्ये ते 'संख्यारेषेवर शून्याच्या पलीकडच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर जा' असं सांगतं. आपण कुठल्या बाजूने निघालो हे माहीत नसेल तर कुठे पोचलो हेही सांगता येत नाही. शून्यावर उभे असू तर हलतच नाही.

दुसरी नेहमीची अडचण: √(क्ष²) = क्ष. हे फक्त क्ष ऋणेतर असेल तेव्हाच खरं. नेहमी खरं असलेलं लेखन √(क्ष²) = |क्ष| हे आहे. मी मुलांना √((३ − π)²) सोपं करायला देते. बहुतेक जण ३ − π लिहितात. ती संख्या ऋण आहे आणि वर्गमूळ ऋण येऊ शकत नाही. उत्तर π − ३. या एका गणितावर अर्धा तास चर्चा होते आणि तो अर्धा तास सत्कारणी लागतो असं मला मनापासून वाटतं.

बिट_आणि_बाइट

संगणकाच्या बाजूने भर घालतो. आमच्याकडे हा फरक चुकला की प्रोग्रॅम अडकतो.

पूर्णांकांचे दोन प्रकार असतात: साइन्ड (चिन्हासह) आणि अनसाइन्ड (चिन्हाविना). आठ बिट असतील तर अनसाइन्ड प्रकारात ० ते २५५, म्हणजे फक्त ऋणेतर संख्या मावतात. साइन्ड प्रकारात −१२८ ते १२७. साइन्डमध्ये सर्वांत डावीकडचा बिट चिन्हाचं काम करतो. तो १ असेल तर संख्या ऋण. तो ० असेल तर संख्या धन, असं बरेच जण शिकवतात. खरं तर तो ० असेल तर संख्या ऋणेतर असते, कारण शून्याचाही तो बिट ० च असतो.

आता घात कुठे होतो ते सांगतो. एखादी यादी उलट्या क्रमाने वाचायची आहे. नवशिका 'क्रमांक ≥ ० आहे तोवर फिरत राहा, प्रत्येक फेरीत एक वजा कर' असं लिहितो. क्रमांक अनसाइन्ड ठेवला असेल तर ही अट कधीच मोडत नाही! शून्यातून एक वजा केला की आठ बिटांत −१ ऐवजी २५५ मिळतात, आणि फेरे अखंड चालू राहतात. जी राशी स्वभावतःच ऋणेतर आहे तिच्यासाठी '≥ ०' ही अट काहीच सांगत नाही.

दुसरं टोक म्हणजे −१२८ ची विरुद्ध संख्या. ती १२८ हवी, पण साइन्ड आठ बिटांत १२८ ला जागाच नाही. साध्या यंत्रगणनेत उत्तर पुन्हा −१२८ च येतं. म्हणजे केवल मूल्य काढायला सांगितलं आणि हातात ऋण संख्या आली. @शिकवणीवाली, तुमच्या विद्यार्थ्यांना हे सांगून पाहा.

लंबवर्तुळ

@बिट_आणि_बाइट, संगणकात 'उणे शून्य' असतं असं ऐकलंय. मग शून्याला चिन्ह नाही हे तिथे लागू नाही का?

बिट_आणि_बाइट

दशांश संख्या साठवण्याचं आयईईई ७५४ हे मानक १९८५ साली आलं. त्यात चिन्हाचा बिट वेगळा असतो, त्यामुळे +० आणि −० अशी दोन रूपं तयार होतात. तुलना केली तर दोन्ही समान ठरतात. पण १ ला +० ने भागलं तर धन अनंत आणि −० ने भागलं तर ऋण अनंत मिळतं. एखादी राशी शून्याकडे कुठल्या बाजूने घसरत आली याची खूण त्या बिटात राहते. ही साठवणुकीची सोय आहे. गणितातलं शून्य एकच आहे आणि −० = ० हे तिथे निर्विवाद.

अनंतपार

मला इथे थोडा वेगळा सूर लावायचा आहे. शून्य धन नाही हे आपण अंतिम सत्य असल्यासारखं बोलतोय, पण तो संकेत आहे. फ्रेंच गणित परंपरेत ज्या शब्दाने धन म्हणतात त्यात शून्य धरलेलं असतं, आणि शून्य वगळायचं असेल तर 'काटेकोर धन' असं जास्तीचं विशेषण लावतात. तिकडे शून्य एकाच वेळी धनही आहे आणि ऋणही. त्यांचं गणित कुठेही बिघडलेलं नाही. किंबहुना '≥' हा मूळ संबंध आणि '>' हा त्याचा कडक प्रकार, अशी रचना मला जास्त नैसर्गिक वाटते. मग ऋणेतर हा जोडशब्दही लागणार नाही.

संख्यारेषा

@अनंतपार, संकेत आहे हे पूर्ण मान्य, आणि तुमची रचना सुसंगत आहे. माझा आग्रह इतकाच की एका लेखनात एकच संकेत हवा आणि तो आधी सांगितलेला हवा. मराठीत आपण शाळेपासून 'शून्य धनही नाही, ऋणही नाही' असं शिकतो. तिथे अचानक शून्याला धन म्हटलं तर वाचणारा फसेल. शिवाय तुमच्या पद्धतीतही दोन वेगळे शब्द लागतातच, फक्त जास्तीचं विशेषण दुसऱ्या बाजूला जातं.

अनंतपार

हो, पण कुठल्या बाजूला विशेषण जातं याने फरक पडतो. जे जास्त वेळा लागतं त्याला छोटा शब्द असावा. विश्लेषणात मला ऋणेतर बहुतेक पानांवर लागतं. डेरिव्हेटिव्ह (फल, म्हणजे फंक्शन, किती वेगाने बदलतं तो दर) सगळीकडे ऋणेतर असेल तर फल कुठेही घटत नाही. डेरिव्हेटिव्ह सगळीकडे धन असेल तर फल काटेकोरपणे वाढतं. उलट दिशा मात्र सरळ नाही: क्ष³ काटेकोरपणे वाढतं, तरी शून्यापाशी त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य आहे. म्हणून माझं मत मी सोडत नाही.

त्रिज्या_र

ऋणेतर म्हणजे 'जे ऋण नाही ते', असं सरसकट म्हणू नका. संमिश्र संख्यांत (जिथे −१ लाही वर्गमूळ असतं) ते टिकत नाही. जिचा वर्ग −१ आहे अशी संख्या घ्या. ती धन मानली तर दोन धनांचा गुणाकार धन, म्हणजे −१ धन. ऋण मानली तरी दोन ऋणांचा गुणाकार धन, पुन्हा −१ धन. शून्य तर ती नाहीच. म्हणजे ती ऋण नाही, पण ऋणेतरही नाही. जिथे लहान-मोठेपणाचा क्रम आहे तिथेच हा शब्द वापरायचा.

संख्यारेषा

@त्रिज्या_र, अगदी योग्य. माझ्या पहिल्या प्रतिसादात 'वास्तव' हा शब्द त्यासाठीच आहे.

कोरी_पाटी

आता एक गणित विचारतो, उत्तर समोर आहे पण कारण कळत नाही.

क्ष² + य² − ४क्ष + ६य + १३ = ०

अज्ञात दोन, समीकरण एक. अशा वेळी उत्तरं अनंत असायला हवीत ना? पुस्तकात एकच जोडी दिली आहे.

शिकवणीवाली

@कोरी_पाटी, १३ चे ४ आणि ९ असे भाग पाडा.

(क्ष² − ४क्ष + ४) + (य² + ६य + ९) = ०
(क्ष − २)² + (य + ३)² = ०

दोन्ही पदं वर्ग आहेत, म्हणजे ऋणेतर आहेत. एक पद शून्याहून जरा जरी मोठं झालं तरी ते शून्यावर आणायला दुसरं ऋण लागेल, आणि ते ऋण होऊच शकत नाही. म्हणून दोन्ही पदं शून्यच. क्ष = २, य = −३. वास्तव संख्यांत दुसरी जोडी नाही.

आता १३ च्या जागी १२ ठेवून पाहा. दोन्ही वर्गांची बेरीज १ होते आणि उत्तरं खरोखरच अनंत मिळतात: (२, −३) हे केंद्र आणि १ त्रिज्या असलेल्या वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू. १४ ठेवलं तर बेरीज −१ व्हायला हवी, आणि मग एकही जोडी मिळत नाही.